कुमुदताईंचं विरजण

ही गोष्ट ऐकून कुणी विश्वास ठेवला तर सांगणाऱ्याचाच अपमान होईल. आजवर या गच्चीवर ती सतरा वेळा सांगून झाली आहे आणि सतराही वेळा ऐकणारे "काहीतरीच काय!" म्हणत, भडंगाची शेवटची मूठ तोंडात टाकून खाली गेले आहेत. तरी शब्दन् शब्द खरा आहे. जे थोडे शब्द खरे नाहीत, ते खऱ्यांना इतके चिकटून बसलेत की त्यांना उठवणं बरं दिसत नाही. ज्यांना शंका असतील त्यांनी त्या आत्ताच काढून जिन्यात ठेवाव्यात, चपलांशेजारी. जाताना घेऊन जाव्यात.

तर याच मिरजेत, याच 'त्रिदल' इमारतीत, चौथ्या मजल्यावर यशवंत तारळेकर नावाचा गृहस्थ राहत होता. सगळे त्याला अण्णा म्हणत. वय शहात्तर, पाठ ताठ, नाक धारदार, एकूण माणूस रुबाबदार. (कोण हसलं? लोक म्हणायचे म्हणून सांगतोय.) नोकरी वजनमापे निरीक्षकाची. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली होती, पण खोड गेली नव्हती. भाजीवाली वांगी तोलायला लागली की हा आधी तिचा काटा उचलून खालून बघायचा. जुन्या तराजूंच्या काळात मालाच्या पारड्याखाली चिंचेचा गोळा चिकटवायची युक्ती होती. माल कमी, वजन पुरं. असे शेकडो गोळे तारळेकरनं स्वतःच्या नखांनी खरवडून काढले होते, आणि त्याचा त्याला पदकापेक्षा जास्त अभिमान होता.

आता त्रिदलबद्दल, नव्याने राहायला आलेल्यांसाठी. त्या वेळी अर्ध्या शहरात मोठमोठ्या घरांत एकेकटी म्हातारी माणसं राहत होती आणि उरलेल्या अर्ध्यात खुराड्याएवढ्या खोल्यांत एकेकटी तरुण. म्हणून ही योजना निघाली. ऐसपैस घर मिळेल, पण तीन वयांची माणसं एकत्र राहणार असतील तरच. एक साठीच्या पुढचं, एक मधल्या वयाचं, एक पस्तिशीच्या आतलं. एक पान गळलं की घर परत. मग मागे राहिलेल्या म्हाताऱ्याची सोय बेडगच्या रस्त्याला, एकलनिवासात. तिथं वाईट काही नाही हं. स्वच्छ खोली, खिडकीत कुंडी, आणि भिंतीत बसवलेला एक गोड आवाज. तो रोज सकाळी विचारतो, "आज कसं वाटतंय?" उत्तर दिलं नाही तरी दुसऱ्या दिवशी तितक्याच गोडीनं विचारतो. तारळेकर एकदा ते बघून आला आणि दोन दिवस नीट जेवला नाही.

दप्तरी तारळेकरच्या घरात तीन माणसं होती. तो स्वतः, सत्तेचाळीस वर्षांचा मुलगा निरंजन, आणि निरंजनची एकवीस वर्षांची मुलगी इरा. बायकोचं, कुमुदताईंचं नाव त्या गेल्यावर सहा वर्षांपूर्वी रीतसर कमी झालं होतं. पुढे निरंजन नोकरी बघून पुण्याला बायकोकडे गेला, इरा बेंगळूरच्या वसतिगृहात गेली, आणि ती दोन नावं कमी करायची राहिली. राहिली म्हणजे तारळेकरनं राहू दिली. जन्मभर दुसऱ्यांच्या पारड्याखालची चिंच काढणाऱ्यानं स्वतःच्या घराखाली चिंच लावली होती.

मग घरात खरं कोण राहायचं? दोघं, दप्तराबाहेरची.

एक मुमताज शिकलगार. वय एकतीस, इथल्या एका रुग्णालयात परिचारिका. कुमुदताईंच्या शेवटच्या पाच महिन्यांत ती त्यांची सेवा करायला घरी यायची. सगळं आटोपल्यावर आपली राहिलेली पिशवी न्यायला आली, तर तारळेकर ओट्यापाशी उभा. एका हातात कोमट दुधाचं पातेलं, दुसऱ्या हातात विरजणाची वाटी, आणि किती घालायचं ते कळत नव्हतं. "द्या इकडं, अण्णा," ती म्हणाली. ती पिशवी आजपर्यंत तिथंच आहे.

दुसरा बसवराज हुक्केरी, घरात सगळ्यांचा बसू. वय अठ्ठेचाळीस, या इमारतीच्या लिफ्टचा मेकॅनिक. त्याची बायको माहेरी गेली आणि पुढचं सगळं वकिलाकडून बोलायला लागली. "आठ दिवस राहतो की ओ अण्णा," म्हणून तो आला. त्या आठ दिवसांना आता चार वर्षं झाली होती.

आणि हो, विरजण. कुमुदताईंनी लग्नात माहेराहून, कुरुंदवाडहून, एका स्टीलच्या वाटीत ते आणलं होतं. चमच्यानं नाही, उजव्या हाताच्या बोटानंच त्या ते दुधात ढवळायच्या. इमारतीत कुणाचं विरजण मोडलं की वाटी घेऊन चौथ्या मजल्यावर यायची पद्धत. त्यांच्यामागे तारळेकर रोज न चुकता दही लावायचा आणि रोज दोन वाट्या हाणायचा. (मागे कोण खोकलं? भडंग घशात गेलं असेल. पाणी द्या कुणीतरी.)

असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि नाकाड्या आला.

त्याचं सरकारी नाव सहवासमापक. दिसायला तांब्याएवढा, पुढे सोंड. यामागचं शास्त्र अगदी साधं आहे. माणूस नुसता बसला तरी तासाला लाखो सूक्ष्मजंतू हवेत सोडत असतो. कातडीवरचे, श्वासातले, पोटातले. म्हणजे प्रत्येकाभोवती त्याचा स्वतःचा एक ढग असतो. एका छताखाली राहणारी माणसं एकच कडी लावतात, एकाच टॉवेलाला हात पुसतात, एकमेकांच्या तोंडावर बोलतात, भांडतात, शिंकतात. सहा-आठ महिन्यांत त्यांचे ढग एकमेकांत मिसळत जातात. रक्ताशी याचा संबंध नाही. सख्खी जुळी भावंडं दोन गावांत राहिली की जंतूंच्या हिशेबी परकी होत जातात, आणि रोज कचाकचा भांडणारं जोडपं, त्यांची इच्छा असो वा नसो, सारखं होत जातं.

नाकाड्या दाराची कडी हुंगायचा, उशीचा अभ्रा हुंगायचा, गालाच्या आतून फिरवलेला कापसाचा बोळा पोटात घ्यायचा, आणि कुणाचा कुणाशी किती टक्के मेळ ते सांगायचा. साठच्या वर असेल तर एक घर. आधी नुसते कागद दाखवून भागायचं, आता भागेना. इमारतीत नवाच प्रकार सुरू झाला. परगावची मुलं तपासणीच्या आधी आईबापांकडे येऊन राहायला लागली. त्याला 'मुरायला येणं' असं नाव पडलं. जिन्यात बायका विचारायच्या, "तुमचा कधी येतोय मुरायला?"

तारळेकरनंही निरंजनला बोलावलं. इराला परीक्षा होती, तिनं कुरियरनं आपल्या उशीचा अभ्रा पाठवला. आणि तपासणीला अकरा दिवस असताना तारळेकरनं जेवणाच्या टेबलाशी घसा साफ केला.

"मुमताज, बसू... जरा अकरा दिवस तुम्ही दोघं दुसरीकडं राहिलात तर? म्हणजे त्या यंत्राचा गोंधळ व्हायला नको."

बसवराज म्हणाला, "मी गच्चीवर लिफ्टच्या खोलीत पडतो की. काय अडत नाही."

मुमताजनं ताट उचललं. "बरं. म्हणजे घरात आम्ही चिंच, होय अण्णा?"

त्या संध्याकाळी ती रुग्णालयाच्या वसतिगृहात गेली. जुनी पिशवी मात्र खुंटीवरच ठेवून गेली.

निरंजन आला आणि मुरायला बसला. मुलगा गुणाचा. बापाशेजारी झोपायचा, बापाच्या टॉवेलाला तोंड पुसायचा, जीव तोडून मुरायचा. पण साखर कुठल्या डब्यात ते त्याला रोज विचारावं लागे. तारळेकर सकाळी पेपर उघडून "चूक आहे!" असं ओरडायचा आणि थांबायचा. त्यावर "काय चूक आहे ओ?" असं विचारून भांडायला बसवराज घरात नसायचा. रक्तदाबाची गोळी चहाच्या बशीत ठेवून "ही काय शोभेला ठेवलीय?" म्हणणारं कुणी नव्हतं. दोनदा गोळी राहिली.

"बाबा," चौथ्या दिवशी निरंजन म्हणाला, "एवढं कशासाठी? पुण्याला चला सरळ. तुमच्यासाठी खोली ठेवलीय."

"खोली बेडगच्या रस्त्यालाही आहे."

निरंजनचा चेहरा पडला. "मी काय त्या भिंतीतल्या आवाजासारखा आहे का?"

"नाही रे," तारळेकर म्हणाला. "तू उत्तराची वाट बघतोस. फक्त रविवारीच विचारतोस, एवढंच."

दोघं बराच वेळ भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले. त्यानंतर निरंजननं पुण्याचं नाव काढलं नाही.

तपासणीच्या दिवशी सकाळी तपासनीस इंगवले मॅडम आल्या. चाळिशीच्या, सरळ, जरा थकलेल्या. नाकाड्यानं कडी हुंगली, दोघांच्या उशा आणि इराचा अभ्रा हुंगला, बोळे गिळले आणि थोडा वेळ घुमत बसला. मग आकडा आला. बाप आणि मुलगा: बारा टक्के.

"बारा?" निरंजन म्हणाला. "अकरा दिवस मी यांच्या शेजारी घोरतोय!"

"हा मुलीचा अभ्रा तर," मॅडम पडद्याकडे बघत म्हणाल्या, "निदान सात मुलींनी वापरलाय."

तारळेकर खुर्चीत बसला. त्याला ती खिडकीतली कुंडी दिसायला लागली. इंगवले मॅडमना दया आली. त्यांनी आवाज खाली आणला. "काका, मुलगा फिरतीवर असतो असं लिहिते. सहा महिन्यांनी परत बघू. तोवर त्यांना इथंच राहू दे, चांगलं मुरू दे. फक्त बाहेरचं कुणी घरात नको."

आता बघा. घर वाचत होतं. करायचं एवढंच होतं की मान हलवायची. आणि सहा महिने साखरेचा डबा दाखवत राहायचं. तारळेकरनं मान हलवायला सुरुवात केलीही होती. एवढ्यात त्याची नजर खुंटीवरच्या पिशवीकडे गेली, आणि त्याची नखं, अठरा वर्षं रिकामी बसलेली, एकदम शिवशिवली.

"मॅडम, थांबा," तो उठून म्हणाला. "हे वजन खोटं आहे. चिंच मी लावलीय. माझा मुलगा इथं राहत नाही, नातही राहत नाही. राहतात ती दोघं वेगळीच आहेत, आणि मी त्यांना बाहेर काढलंय. घर घ्यायचं तर घ्या. पण आधी त्यांना तोला."

निरंजन म्हणाला, "बाबा!" आणि मग त्यानंच फोन उचलून मुमताजला लावला.

ती गणवेशातच आली, घामेजलेली. दारातच म्हणाली, "काय, चिंचेची आठवण झाली?"

"झाली," तारळेकर म्हणाला. "तोंड उघड आणि बोळा फिरवून घे. मग हवं तेवढं बोल."

नाकाड्या घुमला. मुमताज आणि तारळेकर: एक्याण्णव टक्के. बसवराज वरून ग्रीसचे हात पुसत आला. त्याचे आले अठ्ठ्याऐंशी.

"माझे तीन कमी कसे काय ओ?" तो म्हणाला.

इंगवले मॅडमनी नियमांची पुस्तिका पुढून मागे आणि मागून पुढे चाळली. तीन वयांची सज्ञान माणसं, एकत्र राहणारी. शहात्तर, अठ्ठेचाळीस, एकतीस. नातं असायला हवं असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. ते लिहायला हवं असं कुणाला सुचलंच नव्हतं. पण बाईंच्या कपाळावरची आठी जाईना. "पोटच्या पोराचे बारा आणि बाहेरच्यांचे एक्याण्णव? यंत्रच बिघडलंय. हे मी वर पाठवू कसं?"

इथं तारळेकरमधला निरीक्षक पुरता जागा झाला. "मॅडम, काटा खोटा म्हणायच्या आधी दुसरं वजन ठेवून बघायचं. कुणीतरी परका आणा."

परक्या म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या फर्नांडिसबाई आल्या. तारळेकरशी मेळ, चौऱ्याहत्तर टक्के. मॅडमनी डोळे चोळले. पाचव्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर आणले, अडुसष्ट. तळमजल्यावरचं नवविवाहित जोडपं आणलं. त्यांचा एकमेकांशी मेळ एकोणसाठ आणि तारळेकरशी बासष्ट! त्यावरून त्यांच्यात तिथंच वाजलं. वॉचमन त्रेसष्ट. मीटर बघायला येणारा माणूस, जो दर महिन्याला चौथ्या मजल्यावर ताक पिऊन जायचा, तो एकसष्ट. जिन्यातली मांजर सत्तर. दुपारपर्यंत सगळी इमारत तोलून झाली. सत्तावीस घरं, एकशे चार माणसं, आणि नाकाड्याच्या मते सगळं मिळून कुटुंब एक.

मग मॅडमनी यंत्राला उगम शोधायला लावला. सोंड वर करून तो स्वयंपाकघरात शिरला, फ्रीजपाशी थांबला, आणि दार उघडताच स्टीलच्या एका वाटीवर टेकला.

"विरजण!" फर्नांडिसबाई म्हणाल्या. "अहो, आम्ही सगळ्यांनी इथूनच तर नेलंय!"

बसवराजनं मान खाली घातली. "अण्णा, एक सांगायचं राहिलंय. तुमचं हर्नियाचं ऑपरेशन झालं ना, तेव्हा फ्रीज दुरुस्त करतो म्हणून मी उघडून ठेवला होता. काकूंचं विरजण नासलं. मी घाबरलो. गुपचूप या फर्नांडिसबाईंकडनं वाटीभर आणून ठेवलं. हे काकूंचं नव्हे."

तारळेकर वाटीकडे बघत राहिला.

"वेडा का काय तू!" फर्नांडिसबाई बसवराजला म्हणाल्या. "माझ्याकडे ते आलं कुठून? कुमुदताईंनीच दिलेलं ना. आपल्या घरचंच तू आपल्या घरी नेलंस."

एवढ्यात नाकाड्यानं शेवटची ओळ दाखवली. इंगवले मॅडमनी ती दोनदा वाचली आणि मग हळूच म्हणाल्या, "काका, घरात तीनच माणसं आहेत ना? हा म्हणतोय, चौथाही आहे. बोटांवरचे जंतू, या वाटीतून रोज दुधात उतरणारे. या तिघांपैकी कुणाचेच नाहीत. सगळ्या घरांत थोडे थोडे सापडलेत, इथं सगळ्यात जास्त. हा चौथा रहिवासी कोण?"

मुमताजनं पदर नसलेल्या गणवेशाच्या बाहीला डोळे पुसले. तारळेकर म्हणाला, "दप्तरात त्यांचं नाव कमी झालंय, मॅडम. पण त्या ऐकत नाहीत." आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

मॅडमनी तीन नावं लिहिली: तारळेकर, हुक्केरी, शिकलगार. चौथ्या ओळीत त्यांनी पेन टेकवलं होतं, असं काही जण म्हणतात. घर राहिलं. निरंजन दुसऱ्या दिवशी पुण्याला निघाला. चपला घालता घालता थांबला आणि म्हणाला, "बाबा, एका डबीत थोडं विरजण द्या." आता तो महिन्यातून दोनदा येतो, न बोलावता येतो, आणि साखर कुठं आहे ते त्याला माहीत आहे. परवा नाकाड्यानं त्याला एकोणतीस दिले. त्यानं पेढे वाटले.

तर अशी ही गोष्ट. तात्पर्य एवढंच, की उगाच गळे काढायचं कारण नाही. माया, जिव्हाळा, काही नाही. तारळेकरला एक्याण्णव टक्के मिळाले ते कशामुळे? रोजच्या त्या दोन वाट्यांमुळे. माणूस नुसता जिभेचे चोचले पुरवणारा, बाकी त्याची काही कर्तबगारी नाही. सगळी करामत त्या दह्याची...

"खोटं!"

पाण्याच्या टाकीपाशी बसलेली मुमताज उठून उभी राहिली होती. भडंगाचे हात जिथल्या तिथं थांबले.

"सतरा वेळा गप्प बसले अण्णा, आज नाही बसणार. तुम्ही दही खात नाही! जन्मात खाल्लेलं नाही. काकू मला सांगायच्या, 'ह्यांना वाससुद्धा सोसत नाही गं.' रोज नाक दाबून विरजण लावता, आणि ताटातली वाटी हळूच बसूदादाकडे सरकवता. काटा अगदी खरा होता, अण्णा. आता त्याच्या पारड्याखाली हा दह्याचा गोळा कशाला चिकटवताय?"